लिनक्स कर्नलचे मेमरीतील स्थान : एका मर्यादेचा इतिहास

प्रस्तावना :

संगणक सुरू होताना कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत नेमका कोठे आणून ठेवायचा हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. लिनक्सला मात्र या बाबतीत, स्वतःच्या जन्मापूर्वी दहा वर्षे आयबीएमने घेतलेल्या एका निर्णयाचे ओझे दीर्घकाळ वाहावे लागले. प्रस्तुत लेखात इंटेल प्रोसेसरवरील लिनक्स कर्नलच्या या स्थलांतराचा मागोवा घेतला आहे.

६४० किलोबाइटचा वारसा :

१९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या २० वाहिन्या होत्या. १ मेगाबाइटपलीकडील मेमरी त्याच्या आवाक्यातच नव्हती. त्यातील वरचा ३८४ किलोबाइटचा पट्टा पडदा, बायॉस इत्यादींसाठी राखून उरलेले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमना देण्यात आले. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ८०२८६ प्रोसेसर आला, वाहिन्या २४ झाल्या; तरीही सुरू होताना यंत्र जुन्या ‘रिअल मोड’मध्येच जागे होई. हद्द ओलांडताच पत्ता पुन्हा शून्याकडे वळतो, या समजुतीवर काही जुने प्रोग्रॅम विसंबून होते. त्यांच्यासाठी एकविसाव्या वाहिनीवर फाटक बसवले गेले आणि त्याची दोरी चक्क कीबोर्डच्या नियंत्रक चिपकडे सोपवली गेली!

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. बायॉस फ्लॉपीवरील पहिले ५१२ बाइट ३१ किलोबाइटच्या पत्त्यावर आणून ठेवी. तो चिमुकला प्रोग्रॅम स्वतःला ५७६ किलोबाइटवर हलवी, ६४ किलोबाइटपासून पुढे कर्नल वाचून घेई आणि अखेरीस तो शून्य पत्त्यावर सरकवी. कर्नल थेट शून्यावर उतरवता येत नसे, कारण तेथे बायॉसची इंटरप्ट-सारणी असते आणि फ्लॉपी वाचून होईपर्यंत बायॉसची सेवा आवश्यक होती. ६४ आणि ५७६ यांमधील अंतर ५१२ किलोबाइटचे. एवढी जागा भविष्यातही पुरेल, असे टोरवाल्ड्स यांनी त्याच फाइलमधील टिपणात नोंदवले आहे. या अंदाजाला आज हसणे अन्यायाचे ठरेल. त्या वेळी संपूर्ण कर्नल सुमारे दहा हजार ओळींचा होता.

आकुंचन आणि स्थलांतर :

नवनव्या यंत्रभागांसाठी चालक-प्रोग्रॅम जोडले जाऊ लागले तशी ही जागा अपुरी पडू लागली. पहिला उपाय आकुंचनाचा होता. १९९२ मध्ये आलेल्या जीझिपची पद्धत वापरून १९९३ च्या सुमारास कर्नल दाबून लहान करण्यात आला. ही ‘झेडइमेज’ जुन्याच जागी, ६४ किलोबाइटवर उतरे आणि उलगडलेला कर्नल १ मेगाबाइटवर जाई. म्हणजे कर्नल हद्दीपलीकडे राहू लागला, पण त्याची वाट अजून जुन्या अंगणातूनच होती. आकुंचित प्रतही अर्ध्या मेगाबाइटहून मोठी झाली की बांधणी थांबे. वापरकर्त्याला काही चालक वगळावे लागत किंवा स्वतंत्र मॉड्यूल म्हणून ठेवावे लागत. शिवाय काही बायॉस ६४० किलोबाइटच्या शेवटच्या टोकाचा भाग स्वतःकडे ठेवत, त्यामुळे तेथेही खटके उडत.

१९९६ मध्ये १.३.७३ या आवृत्तीत ‘बीझेडइमेज’ आली. हान्स लेर्मेन आणि वेर्नर आल्मेसबेर्गर यांच्या या कामात आकुंचित प्रत आरंभीच १ मेगाबाइटवर उतरू लागली. परंतु उलगडलेल्या कर्नललाही तीच जागा हवी होती. यावरील तोडगा लक्षणीय आहे : उलगडलेला पहिला भाग खालच्या मेमरीत, उरलेला आकुंचित प्रतीच्या वर ठेवायचा आणि शेवटी खाली ४ किलोबाइटवर बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमने दोन्ही भाग जोडून १ मेगाबाइटवर आणायचे. नावातील ‘बी’ हा ‘बिग’चा, बीझिप-२ या आकुंचन-पद्धतीशी त्याचा संबंध नाही, तरी तो गैरसमज चिवट ठरला. गंमत अशी की २००९ च्या २.६.३० आवृत्तीत बीझिप-२ ची सोय खरोखरच झाली आणि त्याच आवृत्तीत इंटेल प्रोसेसरवरील झेडइमेज काढून टाकण्यात आली.

ठरलेला पत्ताही पुढे टिकला नाही. कोसळलेल्या कर्नलची मेमरी तपासण्यासाठी राखीव जागेत दुसरा कर्नल सुरू करावा लागतो. त्याकरिता वेगळ्या पत्त्याची वेगळी प्रत बांधावी लागे. २००७ च्या २.६.२० पासून कर्नल हलवता येण्याजोगा झाला आणि ती गरज संपली. २०१४ च्या ३.१४ मध्ये सुरक्षेसाठी प्रत्येक बूटच्या वेळी यादृच्छिक पत्ता निवडण्याची सोय आली. २०१७ च्या ४.१२ पासून ती इंटेल प्रोसेसरवर आपोआप चालू असते.