कात्रजचे पाणी आणि उच्च शिक्षणाचा हौद

पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास तलावाचे काम सुरू केले आणि तेथून बांधीव भुयारी नळाने पाणी शहरात आणले. नळावर जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते. केवळ उताराच्या बळावर ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोचे व पेठांतील हौद भरत असे. या स्थापत्याचे कौतुक सर्वच इतिहासप्रेमी करतात आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हांस येथे वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. हौद भरल्यावर त्यात घागर बुडविण्याचा अधिकार कोणाचा? जोतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. पाणी शहरात आले होते. सर्वांच्या वाट्याला आले नव्हते.

पुण्यातील उच्च शिक्षणाची कथाही अशीच आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रक्कम वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. तेथे प्रारंभी प्रवेश ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच होता. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज व त्यातून डेक्कन कॉलेज उदयास आले. दक्षिणेतील काही पैसा मराठी ग्रंथांसाठी खर्च करावा, असा अर्ज सुधारकांनी १८४९ मध्ये केला, तेव्हा शहरात केवढा गदारोळ उठला! फुले त्या वेळी अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले. वाद वरवर ग्रंथांचा होता. मुळात तो सार्वजनिक पैसा कोणाच्या विद्येवर खर्च व्हावा याचा होता.

तोच प्रश्न फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन अधिक स्पष्टपणे मांडला. वरिष्ठ वर्गांना शिकविले की ज्ञान आपोआप खालच्या थरांत झिरपेल, असे तत्कालीन सरकारी धोरणाचे गृहीतक होते. शेतसारा कष्टकरी रयतेने भरावा आणि त्यावरील शिक्षण मूठभरांनी घ्यावे, हा अन्याय फुल्यांनी दाखवून दिला व वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. ज्ञान झिरपत नाही, त्याला नळ घालावा लागतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगू.

हा नळ घालण्याचे काम पुढील पिढ्यांनी केले, आणि त्यांनी केवळ वर्ग उघडले नाहीत, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली; साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. १९४७ मध्ये निघालेल्या शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हे सूत्र महाविद्यालयापर्यंत पोचले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग भरविले. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. जेवण, निवारा, वेळ आणि पैसा यांची तरतूद झाल्याखेरीज गरिबाला महाविद्यालयाचे दार उघडे असून बंदच असते, हे या मंडळींनी ओळखले होते.

आता पुन्हा कात्रजकडे वळू. सांगली जिल्ह्यातील सोनसळसारख्या खेड्यातून आलेल्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये पुण्यात भारती विद्यापीठाची स्थापना केली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी कात्रज-धनकवडीच्या परिसरात या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९९६ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या धोरणामुळे ग्रामीण महाराष्ट्रातील कितीतरी मुलांना परराज्यात न जाता तंत्रशिक्षण घेता आले, हे मान्य केलेच पाहिजे. जागा वाढल्या, परंतु जागेसोबत शुल्कही आले. देणग्यांना आळा घालण्यासाठी राज्याला १९८७ मध्ये कायदा करावा लागला, यावरून त्या काळची कल्पना यावी.

पुढचा टप्पा न्यायालयातला. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये निकाल दिला की, विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांवर शासनाला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर उपाय म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५(५) आले. त्याने खाजगी संस्थांतही आरक्षणाचे कायदे करण्याची मुभा दिली. अल्पसंख्याक संस्था मात्र वगळल्या. परंतु राखीव जागा मिळणे आणि ती परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शुल्कमाफी जाहीर केली. हा निर्णय स्वागतार्ह खरा, पण खाजगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ती मुळात या वसतिगृहांच्या अपुरेपणाचीच कबुली आहे.

गुणवत्तेचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की, कात्रजचे पाणी शनिवारवाड्यात पोचले ते पाण्याच्या गुणामुळे नव्हे. कोणीतरी उतार मोजला, नळ बांधला आणि तो गाळाने तुंबू नये म्हणून राखला, म्हणून ते पोचले. ज्यांच्या घरी तो नळ पिढ्यान्‌पिढ्या आला आहे त्यांनी पाण्याची चव स्वतःची कमाई समजू नये. १८६८ मध्ये हौदावर जात आडवी येत होती. आज ती पुरती हटलेली नाही, आणि तिच्या शेजारी शुल्काची पावती येऊन उभी राहिली आहे. विद्यापीठाची प्रतिष्ठा इमारतींवरून मोजण्याऐवजी, ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही असा विद्यार्थी तेथे प्रवेश घेतो का, आणि पदवी घेऊनच बाहेर पडतो का, यावरून ती मोजावी, असे आम्हांस वाटते.