सयामी झुंजार माशाचे पालन व आहार : झुंजीच्या बरणीपासून घरगुती मत्स्यालयापर्यंत

बीजसंज्ञा : झुंजार मासा, सयाम, स्वक्षेत्ररक्षण, जिवंत खाद्य, मत्स्यालय

प्रस्तावना

शोभिवंत माशांच्या दुकानात प्रत्येक नर स्वतंत्र बरणीत ठेवलेला दिसावा, असा मासा म्हणजे सयामी झुंजार मासा होय. ‘फायटर’ किंवा ‘बेटा’ या नावाने तो आपल्याकडे परिचित आहे. त्याला थोडेसे पाणी व चिमूटभर खाद्य पुरते, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज कोठून आला व तो कितपत खरा आहे, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ अधिवास आणि स्वभाव

या माशाचे मूळ स्थान सयाम, म्हणजे आजचे थायलंड होय. तेथील भातखाचरे, दलदली व संथ कालवे यांच्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तो राहतो. थाई भाषेत त्यास ‘प्ला कट’, म्हणजे ‘चावणारा मासा’, असे म्हणतात. कल्ल्यांबरोबरच त्याला लॅबिरिंथ नावाचे इंद्रिय असते व त्याद्वारे तो पृष्ठभागावरील हवा घेतो. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो.

नर आपले क्षेत्र राखून असतो. पृष्ठभागावर तो बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीने घातलेली अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. त्या काळात तो मादीलाही जवळ येऊ देत नाही. मोकळ्या खाचरात हरलेल्या नराला पळून जाता येते, त्यामुळे झुंज लवकर संपते. बरणीत पळण्यास वाव नसतो. नराच्या या स्वाभाविक वृत्तीचा मनुष्याने खेळासाठी उपयोग करून घेतला.

झुंजीचा व्यवसाय आणि पालनाची परंपरा

‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या माशाचे माणसाळणे किमान १,००० वर्षांपूर्वी सुरू झाले असावे. लेखी पुराव्यांमध्ये थिओडोर कँटर यांची नोंद महत्त्वाची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील या डॅनिश वैद्याने १८४९ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मलायातील माशांची सूची प्रसिद्ध केली. सयामी लोक या झुंजींवर मोठ्या रकमा, प्रसंगी स्वतःला व कुटुंबालाही पणास लावतात आणि झुंजीच्या परवान्यांचा मक्ता दिला जाऊन राजाला त्यापासून बरेच वार्षिक उत्पन्न मिळते, असे ते नमूद करतात. पाण्याच्या काचपात्रांत ठेवलेले व डासांच्या अळ्यांसारख्या खाद्यावर पोसलेले हे मासे अनेक महिने जगल्याची नोंदही त्यांनी केली आहे. कँटर यांनी हा मासा दुसऱ्या जातीचा प्रकार मानला होता. चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्यास ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे स्वतंत्र नाव दिले.

या परंपरेत मासा बरणीत एकटा असे, पण त्याची निगा सतत घेतली जाई. झुंजीवर पैसा लागलेला असल्याने दुबळा मासा मालकाला परवडणारा नव्हता. म्हणून जिवंत अळ्या गोळा करणे, पाणी वरचेवर बदलणे, दोन बरण्यांमध्ये आडोसा ठेवणे आणि पाण्यात देशी बदामाची वाळलेली पाने टाकणे हा पालनाचाच भाग होता. आजही थायलंडमधील व्यावसायिक पैदासकार मासे लहान बाटल्यांत ठेवतात, परंतु तेथेही मोईनासारखे जिवंत खाद्य आणि नियमित पाणीबदल यांवरच सारा व्यवहार उभा असतो.

घरगुती मत्स्यालयातील स्थित्यंतर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मासा युरोपात व पुढे अमेरिकेत पोहोचला. लांब पर व गडद रंग यांसाठी निवड होऊ लागली आणि झुंजार मासा शोभेचा मासा बनला. या प्रवासात बरणी टिकली, मात्र तिच्यामागचे श्रम मागे पडले. ‘हा हवा घेतो, म्हणून त्याला कमी पाणी चालते’ हा निष्कर्ष येथेच चुकतो. हवेतून प्राणवायू मिळतो हे खरे, परंतु विष्ठेतून व न खाल्लेल्या खाद्यातून निर्माण होणारा अमोनिया त्यामुळे नाहीसा होत नाही. पाणी जितके थोडे, तितका तो लवकर साचतो.

आहाराबाबतही अशीच चूक होते. हा मासा मुख्यतः कीटकभक्षी आहे. त्यामुळे प्रथिनयुक्त गोळी खाद्याच्या जोडीला डासांच्या अळ्या, डॅफ्निया किंवा ब्लडवर्म देणे योग्य ठरते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे व उरलेले काढून टाकावे. सुमारे २० लिटर पाणी, २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान, मंद प्रवाहाची गाळणी, लपण्यास वनस्पती व वर झाकण असावे. झाकण व पाणी यांमध्ये हवेसाठी जागा सोडावी. एका टाकीत एकच नर ठेवावा.

निष्कर्ष

थायलंडने २०१९ मध्ये या माशास राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. जुगाराचे साधन असलेल्या जीवाला मिळालेला हा मान उल्लेखनीय होय. तथापि, नराला एकटे ठेवणे ही त्याच्या स्वभावाची गरज आहे, तर त्याला ओंजळभर पाण्यात ठेवणे ही केवळ माणसाची सोय आहे. या दोन गोष्टींची गल्लत इतिहासाच्या ओघात झाली. झुंज लावणारा सयामी मालक स्वार्थापोटी का होईना माशाची रोज काळजी घेत असे. केवळ हौसेने मासा पाळणाऱ्याने त्याहून कमी काळजी घ्यावी, याचे समर्थन करता येत नाही.