साष्टी : लोकलने ओलांडले जाणारे बेट

१/१४
ग्रीसच्या बेटांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. निळे पाणी, काळा खडक, टेकडीवरचे भग्न अवशेष. असे बेट एकदा पाहावे, अशी इच्छा होते. परंतु कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने निघणारा प्रत्येक प्रवासी कळव्यानंतरचा खाडीपूल ओलांडतो, तेव्हा तोही एका प्राचीन बेटावर उतरत असतो. आजचा धागा त्या बेटाविषयी आणि ग्रीक नाविकांना ठाऊक असलेल्या त्याच्या शेजारच्या बंदराविषयी.

२/१४
या बेटाचे नाव साष्टी. पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस माहीमची खाडी. सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून ‘षट्षष्टी’ आणि त्यावरून साष्टी, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. (गोव्यातील साष्टी निराळी.) जुने ठाणे शहर बेटाच्या ईशान्य कडेला वसले आहे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली आणि कल्याण मुख्य भूमीवर आहेत.

३/१४
हा भूगोल नीट लक्षात घ्यावा, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. कल्याणवरून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेस पोहोचते. तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईकडे जातो, तर एक अरुंद फाटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीत उतरतो. कल्याणच्या पाठीशी नाणेघाट आणि बोरघाट. म्हणजे घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथवर येई आणि येथून पुढे पाण्यावर चढे.

४/१४
इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे नाविकांचे मार्गदर्शक लिहिले. लेखकाचे नाव त्यात नाही. कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे आणि कोठे सावध राहावे, हे मात्र आहे. भडोच म्हणजे ‘बारिगाझा’. त्याच्या दक्षिणेच्या बंदरांत ‘सूप्पारा’ म्हणजे सोपारा आणि ‘कल्लिएना’ म्हणजे आपले कल्याण.

५/१४
कल्याणविषयीचा मजकूर अवघ्या काही ओळींचा आहे, पण फार बोलका आहे. थोरल्या ‘सारागनोस’च्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे ते ‘सांदानेस’ याच्या हाती गेले आणि व्यापारावर निर्बंध आले. तेथे चुकून पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाची छाया अभ्यासकांना या ओळींत दिसते. राजकारणाने एक बंदर बंद पाडले होते.

६/१४
येथे ग्रीसमधील डेलॉस बेटाची आठवण होते. इ.स.पू. १६६ मध्ये रोमने त्याला करमुक्त बंदर ठरवले आणि ते झपाट्याने श्रीमंत झाले. इ.स.पू. ८८ आणि ६९ मधील दोन हल्ल्यांनंतर ते जवळजवळ ओस पडले. आज तेथे पर्यटक अवशेष पाहण्यास जातात. बंदर बंद पडलेल्या कल्याणचेही तसेच झाले का?

७/१४
नाही. सहाव्या शतकात कॉस्मस हा दुसरा ग्रीक लेखक कल्याणचा उल्लेख मोठ्या व्यापारी बंदरांत करतो. तेथे ख्रिस्ती समाज असून त्यांचा बिशप इराणमधून नेमला जातो, असेही सांगतो. डेलॉस खडकाळ आणि लहान बेट. व्यापारी गेले की मागे काही उरत नसे. कल्याणमागे उल्हासचे खोरे होते, घाट होते, दख्खन होते. सत्ता बदलल्या तरी रस्ता बदलला नाही.

८/१४
या व्यापारातून आलेला पैसा कोठे गेला, ते साष्टीच्या मध्यभागी दिसते. कान्हेरी म्हणजे प्राचीन कृष्णगिरी. ज्वालामुखीजन्य खडकात कोरलेली शंभरहून अधिक बौद्ध लेणी. येथील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. त्यांत राजेच आहेत असे नाही. व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्षुणी आहेत.

९/१४
त्यांतला एक कल्याणचा सोनार, सामिदत. ब्राह्मी लिपीतील लहानशा लेखात त्याच्या दानाची नोंद आहे. त्याने ‘पानियपोढी’ दिली, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे टाके. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी खडकात साठवणे, ही कान्हेरीची खरी करामत. खडकातल्या टाक्याला गडकोट हिंडणारी मंडळी आजही ‘पोढी’ म्हणतात. सामिदताचा शब्द अजून आपल्या तोंडी आहे.

१०/१४
तेव्हा पूल नव्हता. कल्याणहून कान्हेरीला जायचे तर खाडी नावेनेच ओलांडावी लागे. पुढेही लोक पाण्यावरून येत राहिले. लेणे क्र. ९० मध्ये इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. लेणी पाहण्यास आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. साष्टीच्या पर्यटकांची ही हजार वर्षांपूर्वीची नोंदवही.

११/१४
नंतरच्या प्रत्येक सत्तेने खाडीचेच महत्त्व ओळखले. शिलाहारांचे ‘स्थानक’ म्हणजे ठाणे खाडीकाठी. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवरायांनी तेथे जहाजबांधणी सुरू केली. पण ती जहाजे समुद्रात नेण्याची वाट पोर्तुगीजांच्या ठाण्यांसमोरून जात होती. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा ही वाट मोकळी झाली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

१२/१४
मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे, सुमारे ३४ किलोमीटर. १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून कल्याण. दोन हजार वर्षे जे पाणी रस्ता होते, ते आता पुलाखालचे पाणी झाले. आपण बेटावर राहतो, ही जाणीव तेव्हापासून पुसट होत गेली.

१३/१४
ती परत मिळवायची असेल तर एक रविवार पुरेसा आहे. सकाळी बोरिवलीच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानात शिरून कान्हेरी पाहावी. प्रत्येक लेण्याशेजारचे टाके शोधावे. दुपारनंतर घोडबंदरच्या किल्ल्यावरून वसईची खाडी पाहावी. दुसऱ्या फेरीत कल्याणचा दुर्गाडी किल्ला आणि त्याखालचे उल्हासचे पात्र. हिवाळ्यात गेलात तर ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी दिसतील. २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

१४/१४
या खाडीत आज सांडपाणी येते, भराव पडतो, तिवरे तुटतात. लेणी जपण्यासाठी कायदा आहे, कुंपण आहे. पण त्या लेण्यांपर्यंत माणसे ज्या पाण्याने पोहोचली, ते पाणीही त्याच इतिहासाचा पुरावा आहे. सामिदताने दान म्हणून पाणीच निवडले होते. पुढच्या वेळी गाडी खाडीपुलावर आली की मोबाइलमधून क्षणभर मान वर करून खाली पाहा.

(समाप्त)