शुल्कशाळेतील चूक आणि लबाडी

मालाची नोंद चुकीची झाली, तर ती चूक समजावी की चोरी? जकातीच्या कायद्यातील हा प्रश्न आम्हा वकिलांच्या नित्य परिचयाचा असला, तरी तो फार जुना आहे.

कौटिल्याने शुल्काध्यक्षाच्या अध्यायात रेखाटलेली शुल्कशाळा आजच्या कोणत्याही बंदरास ओळखीची वाटावी. नगरद्वारापाशी ध्वज उभारलेला. चार-पाच लेखक व्यापारी कोण, कोठला, माल किती, त्यावर मुद्रा कोठे उमटविली, हे लिहून घेत आहेत. मुद्रा नसेल तर दुप्पट भरणा, खोटी असेल तर आठपट दंड. शुल्काच्या भयाने जो परिमाण किंवा मूल्य कमी सांगेल, त्याचा जादा माल राजाने घ्यावा अथवा आठपट शुल्क वसूल करावे. विवाह, यज्ञ, उपनयन, देवपूजा यांसाठी नेलेल्या वस्तूंना मात्र माफी आहे. पण तसे खोटेच सांगणाऱ्यास चोराचा दंड! देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी हे कलम अवश्य वाचावे.

यातील ‘भयाने’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात हेतू आला. परंतु ज्याच्या मनात कपट नव्हते, केवळ मोजण्यात गफलत झाली, त्याचा निराळा विचार तेथे नाही. मनू व याज्ञवल्क्यही खोटे परिमाण सांगणाऱ्यास आठपटच दंड सांगतात.

तो विचार स्पष्टपणे आढळतो रोमन कायद्यात. मार्सियानस या कायदेपंडिताने दिलेल्या जकातपात्र मालाच्या यादीत पिंपळी आहे. ही पिंपळी भडोचच्या बंदरातून पश्चिमेकडे जात असे. हेड्रियन बादशहाने (११७–१३८) ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब साफ नाकारली होती. पुढे मार्कस ऑरेलियस व लुसियस व्हेरस (१६१–१६९) यांच्यापुढे एक प्रकरण आले. कोणा इसमाचा माल जप्तीस पात्र ठरला होता, पण लबाडीने नव्हे, चुकीने. इजारदारांनी दुप्पट जकातीवर समाधान मानून माल परत करावा, असा निर्णय झाला. तो ‘माल’ म्हणजे गुलाम माणसे होती, हे वाचून न्यायाच्या त्या कौतुकाला गालबोट लागते. वादळामुळे नाइलाजाने किनाऱ्यावर उतरविलेला माल जप्त करू नये, असेही याच दोघांनी ठरविले. इजारदाराने व्यापाऱ्यास नियम समजावून सांगितलेच पाहिजेत असे नाही. मात्र जो नोंद करू इच्छितो त्याला फसवू नये, हा मार्कस व कॉमोडस यांचा निर्णय तर आजही कचेरीच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

हेच तत्त्व पुढे राष्ट्राराष्ट्रांच्या करारांतही उतरले. १९४७ च्या व्यापार व जकातविषयक सर्वसाधारण कराराच्या आठव्या कलमाने, सहज सुधारता येणाऱ्या आणि उघडच निष्कपट अशा कागदोपत्री चुकीस केवळ ताकीद ठरेल इतकाच दंड असावा, असे बंधन घातले. भारत त्या कराराच्या मूळ सभासदांपैकी आहे. पुढे क्योटो कराराच्या १९९९ च्या सुधारित मसुद्यातही ते आले.

आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात लेखनाची वा आकडेमोडीची चूक कलम १५४ खाली सुधारता येते. कलम १४९ खाली दाखल कागदपत्रांत दुरुस्ती मागता येते; मात्र माल सुटल्यानंतर ती मागायची, तर पुरावा माल सुटतेवेळी अस्तित्वात असलेल्या कागदाचाच हवा. तेव्हा बीजक, वजनाची चिठ्ठी व विक्रेत्याची पत्रे व्यापाऱ्याने जपून ठेवलेली बरी.