तारेच्या आतलं मैदान

प्रत्येक गावात एक फोटो स्टुडिओवाला असतो. शाळेच्या क्रीडास्पर्धा, गॅदरिंग, दहावीचा निरोप समारंभ, लग्नं, बारशी, सगळीकडे तोच हजर. गावाचा इतिहास लिहावा असं काही त्याच्या मनात नसतं. पण पन्नास वर्षांनी गाव मागे वळून पाहतं, तेव्हा हाती येतात ते त्याचेच फोटो. अशाच एका फोटोग्राफरविषयी आज मला बोलायचं आहे. त्यांचं गाव मात्र काटेरी तारेच्या आत होतं.

त्यांचं नाव टोयो मियाताके. जन्म १८९५चा, जपानातला. १९०९मध्ये ते अमेरिकेत आले आणि १९२३ साली लॉस एंजेलिसच्या ‘लिटल टोकियो’ या जपानी वस्तीत त्यांनी स्टुडिओ थाटला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतला प्रत्येक जपानी चेहरा संशयित ठरला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार, दुकानं, शेती मागे टाकून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक होते. कुणावर आरोप ठेवला नाही, खटला चालवला नाही.

मियाताके कुटुंब कॅलिफोर्नियातल्या मान्झानार छावणीत आलं. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी वाळवंटी वारा, लाकडी बराकी, भोवती तार, पहाऱ्याचे मनोरे आणि आत दहा हजार माणसं. या माणसांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. मियाताके यांनी सामानातून एक भिंग लपवून आणलं. छावणीतल्या एका सुतारानं लाकडी पेटी करून दिली. लांबून ती जेवणाच्या डब्यासारखी दिसे. त्या पेटीतून ते चोरून फोटो काढू लागले. पुढे ही गोष्ट उघड झाली. पण छावणीचे संचालक राल्फ मेरिट यांनी शिक्षा न करता परवानगी दिली. अट मात्र विचित्र होती. मांडणी मियाताके यांनी करायची आणि कळ एखाद्या गोऱ्या माणसानं दाबायची! कालांतरानं तीही अट गेली आणि ते छावणीचे अधिकृत फोटोग्राफर झाले.

मग त्यांनी तेच केलं, जे कुठलाही गावचा फोटोग्राफर करतो. छावणीत हायस्कूल होतं. १९४२मध्ये वर्ग सुरू झाले, तेव्हा मुलं जमिनीवर बसत. त्याच शाळेच्या १९४३-४४च्या वार्षिक अंकासाठी मियाताके यांनी फोटो काढले. त्यात वर्ग आहेत, खेळ आहेत, नीट विंचरलेले केस आणि हसरे चेहरे आहेत.

प्रख्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स १९४३मध्ये इथे आले. त्यांनीही बेसबॉलचे सामने, व्हॉलीबॉल, शेतकाम टिपलं. त्यांच्यावर नंतर टीका झाली, की या हसऱ्या चेहऱ्यांमुळे अन्याय सुसह्य दिसतो. ही टीका मी अगदीच मोडीत काढणार नाही. ६ डिसेंबर १९४२च्या रात्री याच छावणीत सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि त्यात दोघांचा जीव गेला. बेसबॉलच्या फोटोत हे दिसत नाही.

तरीही मला वाटतं, की खेळाचा फोटो हीसुद्धा साक्ष असते. सरकार म्हणत होतं, ही माणसं धोकादायक आहेत. फोटो म्हणत होता, ही शाळेत जाणारी पोरं आहेत, मैदान दिसलं की धावणारी. १९४३मध्ये छावणीतल्या प्रौढांना निष्ठा तपासणारी प्रश्नावली भरावी लागली. माझ्यासारख्या, मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला तो प्रश्न वाचताना परका वाटत नाही. निष्ठा शब्दांत सिद्ध करायला निघालं, की प्रत्येक उत्तर अपुरं पडतं. रोजचं जगणं दाखवणं हेच कदाचित त्याचं खरं उत्तर असावं.

मियाताके यांनी तारही विसरू दिली नाही. कुंपणाशी उभी तीन मुलं आणि मागे मनोरा, हा त्यांचा फोटो जगभर पाहिला गेला. शाळेच्या १९४५च्या अंकात त्यांचा आणखी एक फोटो आहे. त्यात एक हात पकडीनं काटेरी तार तोडायला निघाला आहे.

नोव्हेंबर १९४५मध्ये छावणी बंद झाली. १९८८ साली अमेरिकेनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. मियाताके मात्र १९७९मध्येच गेले होते. बंदिवानांनी बांधलेल्या शाळेच्या सभागृहात २००४पासून संग्रहालय आहे.

आपल्याकडेही १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या हजारो रहिवाशांना राजस्थानातल्या देवली छावणीत डांबलं गेलं. ती आठवण आपल्या शालेय पुस्तकांत शोधावी लागते.

गावोगावचे जुने स्टुडिओ आता बंद पडताहेत, निगेटिव्हची खोकी रद्दीत जाताहेत. आपल्या शाळेच्या कबड्डी संघाचा फोटो घरात असेल, तर एवढं जरूर करावं: मागे सगळ्यांची नावं लिहून ठेवावीत. ओळखणारे आहेत तोवरच ते करता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)