कोल्ड एअर इन्टेक

कोल्ड एअर इन्टेक हा मोटारीच्या इंजिनाला हवा पुरविणाऱ्या मूळ व्यवस्थेच्या जागी नंतर बसविण्यात येणारा सुट्या भागांचा संच होय. त्यात सामान्यतः अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची रुंद नळी, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, सिलिकॉनचे जोड, पकडपट्ट्या आणि इंजिनाची उष्णता अडविणारा पत्रा किंवा बंद पेटी यांचा समावेश असतो. इंजिनाला अधिक थंड व कमी अडथळ्याने येणारी हवा मिळावी आणि त्यायोगे शक्ती वाढावी, हा तो बसविण्यामागील हेतू होय. स्पोर्ट्स कारचे हौशी मालक गाडीत जे पहिले काही फेरफार करतात, त्यांपैकी हा एक आहे. मात्र आजच्या बहुतेक गाड्यांची मूळ व्यवस्थाही बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरचीच हवा घेते. त्यामुळे या संचाचा प्रत्यक्ष लाभ गाडीगणिक बदलतो आणि पुष्कळदा तो शक्तीपेक्षा आवाजातच अधिक जाणवतो.

कार्यतत्त्व

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल जाळण्यास जवळपास ११ किलोग्रॅम, म्हणजे नऊ हजार लिटरांहून अधिक हवा खर्ची पडते. इंधन हवे तितके फवारता येते. हवा मात्र सिलिंडरच्या आकारमानाएवढीच आत येऊ शकते. म्हणूनच त्या आकारमानात हवेचे वस्तुमान किती मावते, यावर इंजिनाची कमाल शक्ती अवलंबून राहते.

हवेची घनता तापमानाबरोबर घटते. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १.१८ किलोग्रॅम भरते, तर ६० अंशांची हवा सुमारे १.०६ किलोग्रॅम. ही घट दहा टक्क्यांची आहे. शक्ती मात्र तितक्या प्रमाणात घटत नाही, कारण थंड हवा सिलिंडरपर्यंत पोहोचता पोहोचता नळ्या, झडपा व सिलिंडरच्या भिंती यांच्याकडून अधिक उष्णता शोषून घेते. टर्बोविरहित इंजिनांची शक्ती मोजताना वापरण्यात येणाऱ्या एसएई जे१३४९ या मानकात तापमानाचा परिणाम वर्गमुळाच्या प्रमाणात धरला जातो. त्या हिशेबाने दहा टक्के घनता गमावल्यास शक्ती साधारणपणे पाच ते सहा टक्क्यांनी उतरते.

दुसरा घटक दाबाचा. फिल्टर, वळणे व अरुंद तोंड यांमुळे थ्रॉटलपर्यंत पोहोचणाऱ्या हवेचा दाब किंचित कमी होतो. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असल्याने एक किलोपास्कलची घट म्हणजे जवळजवळ एक टक्का हवा कमी. मूळ व्यवस्थेतील अडथळा दूर केल्याने होणारा लाभ या मर्यादेतच राहतो. दाबातील ही घट हवेच्या प्रवाहाबरोबर झपाट्याने वाढते, म्हणून इंजिन कमी फेऱ्यांवर चालत असताना, अर्थात रोजच्या शहरी वापरात, तिचा प्रभाव जवळपास शून्य असतो. गाडीच्या वेगामुळे हवा आपोआप आत दाबली जाते, ही समजूतही आकड्यांपुढे फारशी टिकत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला त्यातून मिळू शकणारा कमाल दाब अर्ध्या किलोपास्कलहूनही कमी असतो.

पूर्वपीठिका

कार्ब्युरेटरच्या काळात हवेचा फिल्टर गोल डब्याच्या रूपात थेट इंजिनाच्या डोक्यावर असे आणि तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढी. थंड हवेचा लाभ त्या गाड्यांत खरोखर मोठा होता. तो ओळखून अमेरिकी उत्पादकांनी १९६० च्या दशकात बॉनेटवर हवेची तोंडे देण्यास प्रारंभ केला. फोर्ड मस्टँगच्या १९६९ सालच्या मॅक १ या प्रकारात इंजिनालाच जोडलेले आणि बॉनेटमधून वर डोकावणारे तोंड पर्याय म्हणून मिळत असे. इंजिनाबरोबर तेही थरथरत असल्याने त्याला ‘शेकर’ असे नाव पडले. पुढे इंधन-फवारणी पद्धती आली, फिल्टरची पेटी इंजिनापासून बाजूला गेली आणि तिचे तोंड रेडिएटरच्या वर किंवा चाकावरील पत्र्याच्या आत नेण्यात आले. ज्या दोषावर उपाय म्हणून हा संच प्रसिद्धीस आला, तो दोष अशा रीतीने कारखान्यातच दूर झाला होता.

टोयोटा ८६ चे उदाहरण

टोयोटा व सुबारू यांनी संयुक्तपणे विकसित केलेली आणि २०१२ मध्ये विक्रीस आलेली टोयोटा ८६ ही गाडी या संदर्भात वारंवार चर्चिली जाते. सुबारूच्या नावाने हीच गाडी बीआरझेड म्हणून विकली गेली. तिच्या दोन लिटर क्षमतेच्या आडव्या चार सिलिंडरी इंजिनाला टर्बो नाही. ७,००० फेऱ्यांना सुमारे २०० अश्वशक्ती आणि १२.५ : १ इतके उच्च संपीडन गुणोत्तर ही त्याची वैशिष्ट्ये होत. मधल्या फेऱ्यांवर या इंजिनाचा टॉर्क काहीसा खचतो आणि तो सुधारावा म्हणून अनेक मालक प्रथम हवेच्या नळीकडे वळतात.

या गाडीत हवा मुळातच पुढून, रेडिएटरच्या वरच्या कडेलगत घेतली जाते. धावत्या गाडीत ती जवळपास बाहेरच्याच तापमानाची असते, त्यामुळे नव्या संचाला तापमानात भर घालण्यास फारसा वाव उरत नाही. २०१७ च्या अमेरिकी आवृत्तीत उत्पादकाने इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व इतर अंतर्गत भागांत बदल केले, तेव्हा हाताने गिअर बदलण्याच्या गाडीची शक्ती २०० वरून २०५ अश्वशक्तीवर गेली. एवढ्या बदलांतून पाच अश्वशक्ती मिळत असतील, तर केवळ नळी व फिल्टर बदलून वीस-पंचवीस अश्वशक्तीचा दावा करणाऱ्या जाहिरातीकडे सावधपणे पाहणेच योग्य ठरते.

बसविण्याची पद्धत

काम साध्या हत्यारांनी होण्याजोगे असते, पण इंजिन पूर्ण निवल्यावरच ते हाती घ्यावे लागते. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवितात. त्यानंतर हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी काढून थ्रॉटलजवळची पकडपट्टी सैल करतात आणि क्रँककेसमधील वायू परत आणणारी बारीक नळी विलग करतात. हे झाल्यावर फिल्टरची पेटी बोल्ट काढून उचलता येते. टोयोटा ८६ मध्ये इंजिनाचा आवाज चालकापर्यंत पोहोचविणारी एक वेगळी नळी हवेच्या मार्गाला जोडलेली असते. नव्या संचात तिची सोय नसल्यास ते तोंड टोपणाने बंद करावे लागते. काढलेले सर्व भाग जपून ठेवण्याचा प्रघात आहे, कारण तपासणीच्या वा विक्रीच्या वेळी गाडी मूळ स्थितीत आणावी लागू शकते.

सर्वांत नाजूक टप्पा सेन्सर हलविण्याचा. त्यातील तापलेली तार केसाइतकी बारीक असते. तिला बोट किंवा कापड लागता कामा नये. सेन्सरवरील बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाच्या दिशेशी जुळली पाहिजे आणि त्याची रबरी कडी जागेवर बसली पाहिजे. नवी नळी आधी सैल बसवून बॉनेट, बॅटरी व पट्टे यांपासून तिचे अंतर पाहतात आणि मगच पकडपट्ट्या आवळतात. इंजिन धावताना आपल्या आधारांवर हलते, म्हणून उभ्या गाडीत जेमतेम सुटणारी नळी पुढे घासून फुटू शकते. सेन्सरच्या पुढे कोठेही फट राहिल्यास तेथून शिरणारी हवा मोजली जात नाही. इंजिन रेंगाळत चालते आणि डॅशबोर्डवर इशारादिवा लागतो.

मिश्रणावरील परिणाम

संचाच्या गुणवत्तेचा खरा कस सेन्सरजवळच्या नळीच्या व्यासात लागतो. हा सेन्सर सगळी हवा मोजत नाही. नळीच्या एका बिंदूपाशी तार किती थंड होते, यावरून इंजिनाचा नियंत्रक एकूण प्रवाहाचा हिशेब करतो, आणि तो हिशेब मूळ नळीच्या व्यासावर बेतलेला असतो. आतील व्यास ७० मिलिमीटरऐवजी ७३ मिलिमीटर झाला, तर क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढते. तितकीच हवा आता संथपणे वाहते, नियंत्रक ती आठ टक्के कमी समजतो आणि इंधनही त्याच प्रमाणात कमी फवारतो. १४.७ चे गुणोत्तर अशा वेळी १६ पर्यंत जाते.

सावकाश चालविताना एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो व नियंत्रक ती भरून काढतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र अनेक गाड्यांत ही तत्काळ दुरुस्ती थांबते. इंधन तुटपुंजे पडल्यास सिलिंडरमधील तापमान वाढून ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा, म्हणजे इंजिन ‘नॉक’ होण्याचा धोका असतो. संपीडन गुणोत्तर जितके अधिक, तितका हा धोका मोठा. ज्या संचांसोबत नियंत्रकाची आज्ञावली पुन्हा जुळविणे आवश्यक असल्याचे उत्पादक सांगतो, तेथे ती टाळणे म्हणूनच महागात पडू शकते.

याच कारणाने चाचण्यांतील काही लाभ फसवे असतात. उत्पादक पूर्ण थ्रॉटलवरील मिश्रण इंजिनाच्या सुरक्षेसाठी गरजेपेक्षा गडद ठेवतात. व्यास वाढल्याने ते थोडे फिके झाले की मोजयंत्रावर शक्ती वाढलेली दिसते, परंतु हवा मात्र पूर्वीइतकीच असते. शिवाय डायनॅमोमीटरवर गाडी बॉनेट उघडून व समोर मोठा पंखा लावून तपासली जाते. बॉनेटखाली उघड्यावर असलेल्या फिल्टरला या स्थितीत थंड हवा मिळते. वाहतुकीत अडकलेल्या गाडीत तोच फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो आणि शक्ती मूळ व्यवस्थेपेक्षाही कमी होऊ शकते.

आवाज

मूळ नळीवर दिसणाऱ्या पोकळ पेट्या व बंद तोंडाच्या शाखा हवेला अडवीत नाहीत. त्या विशिष्ट कंपनसंख्येचा आवाज शोषणारे अनुनादक असून त्यांतील अनेकांचे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाते. नव्या संचात त्या नसल्याने थ्रॉटल उघडताच हवेचा घुमणारा, खोल आवाज ऐकू येतो. आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा भासतो. अनेक मालकांना हवी असते तीही हीच गोष्ट, आणि त्यापुरता हा संच अपेक्षाभंग करीत नाही.

धूळ व पाणी

मूळ फिल्टर बहुधा घड्या घातलेल्या कागदाचा असतो. संचातील फिल्टर तेल लावलेल्या सुती कापडाचा किंवा कोरड्या कृत्रिम तंतूंचा असून तो धुऊन पुन्हा वापरता येतो. हवा सहज जाऊ देणे आणि बारीक धूळ अडविणे या परस्परविरोधी गरजा आहेत; त्यांची चाचणी आयएसओ ५०११ या मानकानुसार करता येते. धूळ निसटल्यास पिस्टनच्या कड्या व सिलिंडरच्या भिंती झिजतात, आणि ही झीज बरेच दिवस लक्षात येत नाही. सुती फिल्टरला तेल प्रमाणाबाहेर लावल्यास ते सेन्सरच्या तारेवर बसून मोजमाप बिघडते.

ज्या संचांत फिल्टर बंपरमागे किंवा चाकालगत खाली नेलेला असतो, त्यांत थंड हवा सर्वाधिक मिळते, पण पाण्याचा धोकाही तेथेच मोठा. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरल्यास वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा नव्या इंजिनाच्या जवळ जातो. यावर उपाय म्हणून काही उत्पादक नळीत हवेची दुसरी वाट उघडणारी झडप देतात. मुंबई वा कोकणासारख्या प्रदेशात, जेथे पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबते, तेथे अशी खालची मांडणी टाळणे इष्ट.

कायदेशीर स्थिती

हवेची व्यवस्था प्रदूषण-नियंत्रणाचा भाग मानली जात असल्याने अनेक देशांत तिच्या बदलावर बंधने आहेत. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वाहन संहितेच्या कलम २७१५६ अन्वये असा संच सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश लागतो. त्याचा क्रमांक छापलेली चिकटपट्टी इंजिनाच्या कप्प्यात लावतात व प्रदूषण-तपासणीत ती पाहिली जाते. जर्मनीत मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नसलेल्या भागामुळे वाहनाचा वापर-परवानाच रद्द ठरू शकतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांचे नियमन करते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हवेच्या फिल्टरचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो; तथापि फेरफारानंतरही वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ ची उत्सर्जन-मर्यादा पाळावीच लागते.