लोणार : एक सरोवर, अनेक धनी

१/
जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे हिरवट पाणी अवघ्या काही दिवसांत गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते. छायाचित्रे देशभर पोहोचली. पाण्याचा रंग का बदलला, हा प्रश्न सर्वांनी विचारला आणि त्याचे उत्तरही लवकरच मिळाले. दुसरा प्रश्न मात्र मागे राहिला : या पाण्याची काळजी घेणे हे नेमके कोणाचे काम? या प्रश्नामागे काही शतकांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. पण ते मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. परभणीहून निघालेला प्रवासी जिंतूर आणि मंठा ओलांडून तेथे पोहोचतो. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या दक्षिणेकडील पठारावर, काळ्या बेसाल्टमध्ये, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे. काठावरून खाली पाहिले की तळाशी, सव्वाशे मीटरहून अधिक खोलीवर, पाण्याचे जवळजवळ वर्तुळाकार पात्र दिसते.

३/
या सरोवराची एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी. येथे पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. पाऊस, उतारांवरून वाहणारे ओहोळ आणि झरे यांचे पाणी तळाशी साठते आणि केवळ बाष्पीभवनाने कमी होते. क्षार मागे उरतात. म्हणून पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास नोंदला गेला आहे. वरून जे जे खाली येते, चांगले वा वाईट, ते येथेच राहते.

४/
लोकस्मृतीने या जागेचा अर्थ आपल्या परीने लावला. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमिगत राहत होता आणि विष्णूने त्याचा वध केला, अशी कथा आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर त्या कथेचे शिल्परूप आहे. काठावरच्या गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. तळाशी पाण्यालगत कमळजादेवीचे स्थान असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. एकाच विवरात गोडे आणि खारे, दोन्ही पाणी. सरोवरावरचा पहिला हक्क यात्रेकरूंचा आणि गावकऱ्यांचा होता. तो कोणत्याही दप्तरात लिहिलेला नव्हता.

५/
दप्तरातील हक्क महसुलाच्या मार्गाने आला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारातील या जागेचा उल्लेख येतो : येथे काच आणि साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ मिळतात. मुघल कारभाराच्या दृष्टीने सरोवर हे उत्पन्नाचे साधन होते.

६/
ते उत्पन्न म्हणजे खार. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठच्या चिखलावर पांढरी साय धरत असे. ती गोळा करून, वाळवून, प्रतवारी करून विकली जाई. वऱ्हाडच्या जुन्या नोंदींत पापडी, भुस्की, दल्ला, खुप्पल अशी तिच्या प्रकारांची नावे आढळतात. सरोवरावर सरकारी नजर ठेवण्याची ही पहिली व्यवस्था. पाण्याची पातळी तेव्हाही पाहिली जात असणार, परंतु यंदा खार किती निघेल, एवढ्यासाठीच.

७/
१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली आणि युरोपीय अभ्यासकांना ते ठाऊक झाले. त्या वेळी लोणार आणि परभणी, दोन्ही निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. परभणी हैदराबाद संस्थानातच राहिली. लोणार आणि जिंतूर यांच्यामधून एका राज्यव्यवस्थेची हद्द गेली. ती पुसली गेली १९५६ मध्ये, मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले तेव्हा.

८/
दरम्यान सरोवराकडे पाहणारा आणखी एक डोळा उघडला होता. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराची चर्चा करताना लोणारशी त्याची तुलना केली. १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लोणारवर सविस्तर निबंध लिहिला. पण विवराचे मूळ दीर्घकाळ ज्वालामुखीच्या क्रियेतच शोधले जात होते.

९/
१९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय भूवैज्ञानिकही होते, आघाताचा पुरावा मांडला. प्रचंड दाबाखाली खनिजाची काच झालेली त्यांना आढळली. असा दाब उल्कापातानेच निर्माण होतो. विवराचे वय प्रथम सुमारे ५२ हजार वर्षे मानले गेले. पुढील कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे नेले. बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली आघातविवरे पृथ्वीवर फारच थोडी. खाराची खाण आता वैज्ञानिक ठेवा ठरली.

१०/
ठेवा म्हटले की रक्षण आले, आणि रक्षण म्हटले की खाते आले. १९७९ मध्ये लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा मिळाला. प्राचीन मंदिरे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली होती. ८ जून २००० रोजी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार, विवर आणि त्यातील वन अभयारण्य घोषित झाले. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे योग्य होता. पण प्रत्येकाने सरोवराचा एकेक भागच हाती घेतला.

११/
हिशेब मांडून पाहावा. विवरातील वन आणि वन्यजीव वनखात्याच्या वन्यजीव विभागाकडे. त्याचे कार्यालय अकोल्यात. मंदिरे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. काठाबाहेरची जमीन महसूल खात्याकडे. जिल्हाधिकारी बुलढाण्यात, विभागीय आयुक्त अमरावतीत. गावाचे सांडपाणी आणि कचरा नगरपरिषदेकडे. पर्यटकांची सोय पर्यटन खात्याकडे. खडकाचा अभ्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. त्याचे मुख्यालय कोलकात्यात. आणि पाणी? ते यांतील कोणा एकाकडे नाही.

१२/
येथेच खरी अडचण आहे. पाणी खात्यांच्या हद्दी पाळत नाही. गावातील सांडपाणी नगरपरिषदेच्या हद्दीत निर्माण होते आणि अभयारण्यात उतरते. उतारांवरच्या शेतीतील खते आणि कीटकनाशके पावसाबरोबर तळाशी जातात. भोवतालच्या पठारावर पाणी अडवले, जिरवले, उपसले, तर झऱ्यांवर परिणाम होऊ शकतो. आणि झऱ्यांवर परिणाम झाला की खारेपणा बदलतो. वनरक्षकाच्या हाती झाड आहे, नाला नाही. नगरपरिषदेच्या हाती नाला आहे, सरोवर नाही.

१३/
वेड्या बाभळीचे उदाहरण बोलके आहे. मूळची अमेरिका खंडातील ही झुडुपे विवरात माजली आणि काठाच्या मूळ वनस्पतींना मागे सारू लागली. ती काढावीत, हे अभ्यासक सांगत होते. पण अभयारण्यात एक फांदी तोडायची तरी परवानगी लागते, आणि तसा नियम आवश्यकच आहे. मंदिरालगत काम करायचे तर पुरातत्त्व खात्याची संमती हवी; २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले आहे. रक्षणाचेच दोन नियम एकमेकांची वाट पाहत थांबतात आणि झुडुपे वाढत राहतात.

१४/
ही कोंडी नागरिकांनी न्यायालयात नेली. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. पुढील वर्षांत सांडपाणी, अतिक्रमण, वेडी बाभूळ, मंदिरांची दुरवस्था असे विषय एकाच प्रकरणात येत गेले. आदेश, अहवाल, पाहणी, पुन्हा आदेश असा क्रम चालला. या प्रकरणाचे महत्त्व एखाद्या आदेशापुरते नाही. वेगवेगळ्या इमारतींत बसणारी खाती प्रथमच एका जागी एकमेकांसमोर उत्तर देऊ लागली.

१५/
२०२० च्या गुलाबी पाण्याने या व्यवस्थेची परीक्षा घेतली. नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. निष्कर्ष असा : पाऊस कमी, उन्हाळा कडक, म्हणून पाणी आटले, पाणी आटल्याने क्षार वाढले, क्षार वाढल्याने हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसले. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. म्हणजे हा रंग मुळात पाण्याच्या जमाखर्चाची खूण होता.

१६/
त्याच वर्षी लोणारचा समावेश रामसर यादीत झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे स्थळ. सरोवर आणि भोवतालचे मिळून ४२७ हेक्टर क्षेत्र त्यात येते. १९७१ च्या या आंतरराष्ट्रीय कराराचा गाभा पाणथळ जागेचे ‘पर्यावरणीय स्वरूप’ टिकवणे हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच देशातील रामसर स्थळांवर त्या त्या उच्च न्यायालयांनी लक्ष ठेवावे, असे निर्देश दिले होते. लोणारच्या धन्यांत आणखी एकाची भर पडली. परंतु हा पहिला धनी असा, की ज्याच्या नियमात पाणीच केंद्रस्थानी आहे.

१७/
सामायिक सरोवराचा प्रश्न इतरत्र कसा हाताळला गेला? अमेरिकेत सुमारे १,९०० मीटर उंचीवर ताहो नावाचे सरोवर आहे. त्याचा एक काठ कॅलिफोर्नियात, दुसरा नेवाडात. दोन राज्ये, अनेक तालुकावजा प्रशासने, केंद्राचे वनखाते. १९६९ मध्ये दोन राज्यांच्या कराराला काँग्रेसने मान्यता दिली आणि सरोवराच्या संपूर्ण खोऱ्यासाठी एक नियोजन संस्था उभी राहिली. १९८० मध्ये करारात सुधारणा होऊन तिचे अधिकार वाढले.

१८/
ताहोचे सर्व प्रश्न त्यामुळे सुटले नाहीत. बांधकामावरून कज्जे झाले, पाण्याची पारदर्शकता घटली. पण एक गोष्ट साधली. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते, याची मोजणी १९६८ पासून सातत्याने चालू आहे. त्या वर्षी ती सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसत होती. आज कोणीही विचारू शकतो : तबकडी किती खोल दिसते, आणि नसेल दिसत तर का? एक सरोवर, एक आकडा, एक उत्तरदायी संस्था.

१९/
लोणारला हा धडा जसाच्या तसा लागू होत नाही. येथे पाणी स्वच्छ काचेसारखे असणे हे आरोग्याचे लक्षण नाही. येथे खारेपणा टिकणे महत्त्वाचे. पाणी फार आटले तर धोका, आणि फार वाढले तरी धोका. अलीकडच्या वर्षांत चिंता उलटी झाली आहे : पातळी चढून पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत आले. गोडे पाणी वाढत गेले तर हजारो वर्षांत घडलेली क्षारप्रिय जीवसृष्टी पातळ होत जाईल. २०२० मध्ये पाणी कमी म्हणून चर्चा झाली, आता जास्त म्हणून होते. दोन्ही वेळा विचारायचे तेच : पाणी कोठून, किती आले, आणि त्याची नोंद कोणाच्या वहीत आहे?

२०/
न्यायालयाच्या देखरेखीने बरेच साधले, पण तिलाही मर्यादा आहे. न्यायालय तारखेला विचारते. सरोवर रोज बदलते. न्यायालय खात्यांना एकत्र बसवू शकते, त्यांच्या जागी बसून रोजचा कारभार करू शकत नाही. त्या कारभारासाठी काठाबाहेरचे पाणलोट आणि काठाच्या आतले पाणी एकत्र पाहणारी, लोणारमध्येच बसणारी, गावकरी आणि शेतकऱ्यांना सभासद मानणारी व्यवस्था लागते. ज्यांची शेते उतारावर आहेत आणि ज्यांची देवी तळाशी आहे, त्यांना केवळ अतिक्रमक समजून रक्षण टिकत नाही.

२१/
परभणीकरांना हा प्रश्न परका वाटू नये. जिंतूर तालुक्यातील येलदरीचा जलाशय १९६८ पासून पूर्णा नदीवर उभा आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि एका जिल्ह्याचा जलाशय दोन जिल्ह्यांच्या मधोमध आला. वरच्या बाजूला, बुलढाणा जिल्ह्यात, त्याच नदीवर खडकपूर्णा प्रकल्प आहे. सिंचन, पिण्याचे पाणी, वीज यांची खाती वेगळी. नकाशावर रेघ ओढली गेली. पाणी होते तसेच एक राहिले.

२२/
लोणारच्या इतिहासात रक्षणाच्या आदेशांची उणीव नाही. मुघल कारभाराला तेथे महसूल दिसला, भूवैज्ञानिकांना खडक, पुरातत्त्व खात्याला मंदिर, वनखात्याला अभयारण्य. प्रत्येकाने आपल्याला दिसले ते जपले. खार गोळा करणारे लोक उन्हाळ्यात पाणी कोठवर हटले, हे पाहूनच आपले वर्ष ठरवत असत. लोभापोटी का होईना, पण पाणी हीच त्यांच्या हिशेबाची सुरुवात होती. आजच्या देखरेखीलाही सुरुवात तेथूनच करावी लागेल.

(समाप्त)